‘आमच्या आईवर प्रयोग करणार का?’

स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या भगिनीला डॉक्टरांनी ‘क्लिनिकल ट्रायल’मध्ये सहभागी व्हाल का, असे विचारले की घरातील मंडळी धास्तावतात. वरील प्रश्न आम्हीही ऐकला आहे. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु चाचणी म्हणजे नेमके काय, हे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीवरून चांगले समजते.

शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाताना तिच्यातील पेशी शरीरात अन्यत्र पसरत असतील काय, आणि तसे असल्यास ते रोखता येईल काय, हा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. उपाय अगदी साधा होता. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेन टोचतात, तेच शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती टोचायचे! २०११ ते २०२२ या काळात चाललेल्या ह्या चाचणीत देशातील ११ केंद्रांतील सुमारे १,६०० स्त्रियांनी भाग घेतला.

इंजेक्शन कोणाला द्यावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. डॉक्टरांनी निवड केली असती, तर कळत-नकळत धडधाकट रुग्ण एकाच गटात गेले असते आणि गुण औषधाचा की प्रकृतीचा, हे कधीच उमगले नसते. शस्त्रक्रिया व पुढील नेहमीचे उपचार मात्र दोन्ही गटांना मिळाले. पाच वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर इंजेक्शन मिळालेल्या गटात ९०.१ टक्के. म्हणजे शंभरामागे जवळजवळ चार भगिनी अधिक वाचल्या. इतक्या स्वस्त औषधात कोणत्या कंपनीने रस घेतला असता?

आजारावर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीचीही अशीच परीक्षा होते. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून तरुण स्त्रियांत आजार लवकर सापडला, तरी मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. असे अर्धे ‘नाही’देखील चाचणीमुळेच कळते.

सर्वच चाचण्या इतक्या निरुपद्रवी नसतात. नव्या औषधाचे दुष्परिणाम आधी पूर्णपणे ठाऊक नसतात. म्हणून संमतिपत्र आपल्या भाषेत मागावे, घरी आणून सावकाश वाचावे आणि मगच सही करावी. २००९ पासून देशात चाचण्यांची सरकारी नोंद सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक जरूर विचारावा. सही केल्यानंतरही केव्हाही नाव मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.