मुक्कामाची बोट

मुक्कामाची एस. टी. आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रात्री ती गावात येऊन उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पथारी पसरतात आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन ती निघते. पाणबुड्यांच्या जगातही अशी एक मुक्कामाची बोट असते. तिला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. आठवडाभर जेवणखाण, झोप, सिलिंडरमध्ये हवा भरण्याची सोय, सारे काही समुद्रावरच. आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्याखाली उतरायचे. माझा आतेभाऊ मालदीवमध्ये अशाच एका बोटीवर पाणबुड्यांचा वाटाड्या म्हणून काम करतो. मी स्वतः अशा सफरीला गेलेली नाही. तिचा खर्च आमच्या घराला झेपणाराही नाही. परंतु दादा सुट्टीवर आला की ओटीवर बसून जे सांगतो आणि त्यानंतर मी जे वाचून काढले, त्यावरून ही सफर निवडावी कशी आणि तयारी काय करावी, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. उत्तम प्रवाळखडक बरेचदा किनाऱ्यापासून फार दूर असतात, हे त्याचे साधे उत्तर. इजिप्तच्या तांबड्या समुद्रातली 'ब्रदर्स' ही दोन बेटे घ्या. किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत; मोठ्या बेटावर एक दीपगृह, बाकी सगळा उजाड खडक. लिव्हरपूलहून कलकत्त्याला निघालेली 'नुमिडिया' ही आगबोट १९०१ साली तिथेच आदळून बुडाली. तिच्यावरची रेल्वेची चाके आजही पाण्याखाली दिसतात. कलकत्त्याला उतरायचा तो माल माशांच्या पदरात पडला! अशा ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे जमत नाही. म्हणून मुक्कामाची बोट.

परंतु ब्रदर्सला कोणालाही नेत नाहीत. पाण्याची ओढ जबरदस्त असल्यामुळे निदान ५० वेळा पाण्याखाली उतरल्याची नोंद वहीत लागते. इथे आपल्याकडचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालवण-तारकर्लीला पर्यटक 'स्कूबा' करतात ते वेगळे. त्यात वाटाड्या हात धरून काही मिनिटे खाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही, आमच्या वाडीतल्या कित्येक चुली त्यावर पेटतात. पण त्या फोटोच्या बळावर मुक्कामाच्या बोटीचे तिकीट काढू नये. आधी रीतसर शिक्षण घ्यावे लागते. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटर, पुढच्यावर ३० मीटर खोलीपर्यंत जाता येते. पुष्कळ सफरींना हे दुसरे प्रमाणपत्र लागतेच.

मग ऋतू. मालदीवमध्येही आपल्यासारखेच दोन वारे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तेव्हा पूर्वेकडून येणारे पाणी नितळ असते. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की पूर्वेच्या बाजूला सूक्ष्म जीवांनी पाणी गढुळते आणि ते खायला 'मांटा' नावाचे प्रचंड पाखट मासे येतात. तेव्हा नितळ पाणी हवे की पाखट हवेत, हे आधी ठरवावे आणि मग तारीख. बहुतेक लोक रजा मिळेल ती तारीख धरतात आणि मग समुद्राला बोल लावतात, असे दादा म्हणतो.

शरीराचे गणित थोडे अवघड आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो. गोटीसोड्याची बाटली फोडली की फेस उसळतो. माणूस भर्रकन वर आला तर त्याच्या अंगातही तसेच बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, प्रसंगी अंग लुळे पडते. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. एका बुडीत मुरलेला वायू पुढच्या बुडीपर्यंत पुरता निघून जात नाही. रोज तीन-चार बुड्या मारणाऱ्याच्या अंगात तो साचत राहतो. सफर संपल्यावर निदान १८ तास विमानात बसायचे नाही, हा नियम त्यामुळेच. दमा किंवा कानाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि विमा असा घ्यावा की ज्यात या बुडबुड्यांवरच्या दाबकक्षातल्या उपचारांचा खर्च मिळेल. पाण्यावर आल्यावर लाटांत आपण बोटीला दिसावे म्हणून एक लांबट रंगीत फुगाही जवळ हवा. बाकी कपडेलत्ते थोडके पुरतात.

आता बोटीकडे वळते, कारण माझ्या मते खरी निवड इथेच आहे. जाहिरातीत गाद्या, जेवण आणि शार्क दिसतात. रात्री जागे कोण असते, ते दिसत नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही बोट नांगर टाकून उभी असताना पहाटेच्या अंधारात पेटली. खालच्या दालनात झोपलेले ३३ प्रवासी आणि १ खलाशी, सगळे गेले. दालनातून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत निघत होत्या आणि तीच खोली पेटली होती. फिरता पहारा नव्हता. आगीचे नेमके कारण तपासात ठरले नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा संशय मात्र घेतला गेला. २०२४ साली कप्तानाला ४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या पहाटे तांबड्या समुद्रात 'सी स्टोरी' ही बोट उलटली आणि ११ जण मृत वा बेपत्ता झाले.

माझे बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत. जाळे पाण्यात असो वा नांगर टाकलेला असो, रात्री एक जण जागा असतोच. तांडेल पाळ्या लावून देतो. बाबांना मी 'कन्सेप्शन'ची हकिकत वाचून दाखवली तेव्हा आगीबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. "पाळीवर कोण होता?" एवढेच म्हणाले.

पैसे भरण्यापूर्वी हाच प्रश्न पत्राने विचारावा. रात्रीचा पहारा कोणाचा? झोपायच्या जागेतून दोन वाटा आहेत का, आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी निघतात का? बॅटऱ्या कुठे आणि केव्हा चार्ज करतात? पहिल्या दिवशी जीवरक्षक जाकिटे घालून कवायत होते का? वादळाचा इशारा आला तर पैसे परत मिळतात का? हा शेवटचा प्रश्न पैशाचा वाटेल. परंतु परताव्याच्या भांडणापायीच एखादी बोट नको त्या हवेत बंदर सोडते, असे दादाचे मत आहे. गुळमुळीत उत्तर आले तर दुसरी बोट पाहावी.

दादा स्वतः नव्या बोटीवर चढला की सामान लावत नाही. आधी बिछान्यावर आडवा होतो, डोळे मिटून उठतो आणि हाताने भिंत चाचपत संकटकाळच्या दारापर्यंत पावले मोजतो. सध्याच्या बोटीवर ती १४ आहेत.