दोन टाक्यांची मालमोटार व तिचें इंधन

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर पट्ट्याचें सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरें झालें. परंतु रस्ता कितीही उत्तम असला, तरी इंजिनास डिझेल न पोहोंचल्यास कापसाची भरलेली गाडी वाटेंतच अडते व माल अवकाळी पावसांत सांपडतो.

कित्येक मालमोटारींस दोन टाक्या असतात. इंजिनाकडे गरजेहून अधिक डिझेल जातें व उरलेलें परत टाकींत येतें. टाकी बदलण्याची तोटी फिरविल्यावर परतीची नळीही त्याच टाकीकडे वळली पाहिजे; न वळल्यास एक टाकी रिती होते व दुसरी उतूं जाते. झाकणाचें हवाछिद्र धुळीनें वा कापसाच्या तंतूंनीं बुजल्यास डिझेलचा प्रवाह मंदावतो. अर्धवट रित्या टाकींत रात्रीं दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें.

म्हणून सायंकाळीं दोन्ही टाक्या भराव्या, सकाळीं गाळणीखालील पाणी सोडावें, जोडनळीचे सांधे तपासावे. डिझेल संपून नळींत हवा शिरल्यास नुसतें डिझेल ओतून भागत नाहीं. आधीं हवा काढावी लागते.

गाडी भाड्याची असली तरी माल आपला असतो. सबब कास्तकार बंधूंनीं माल भरण्यापूर्वीं चालकास इतकें अवश्य विचारावें.