छोट्या ट्रॅक्टरची सेंटर पिन : आज बुश बदला, उद्याचा ॲक्सल वाचवा

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्ष पट्ट्यात, म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत, छोट्या ट्रॅक्टरशिवाय आज बागेचे पान हलत नाही. दोन ओळींमधल्या अरुंद जागेतून ब्लोअर ओढणे, रोटाव्हेटर फिरवणे, शेणखत आणि माल वाहणे ही सर्व कामे 15 ते 30 अश्वशक्तीच्या या यंत्रावर चालतात. अनेक तरुणांनी कर्ज काढून असा ट्रॅक्टर घेतला आहे. ते स्वतःची बाग सांभाळतात आणि शेजाऱ्यांच्या बागेत फवारणीची भाड्याची कामेही करतात. हप्ता त्याच कमाईतून जातो.

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेल फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, तर डाऊनी मिल्ड्यू हा रोग काही दिवसांत घडांचा फडशा पाडतो. त्या वेळी फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. नेमक्या अशा दिवशी ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहिला, तर मालकाचे भाडे बुडते, गिऱ्हाइकाचा माल जातो आणि पुढच्या वर्षीचे काम दुसऱ्याकडे जाते. ट्रॅक्टर असा उभा राहण्याची जी कारणे आहेत, त्यांत पुढच्या ॲक्सलची झिजलेली सेंटर पिन हे एक कारण असे आहे की ते आधीपासून दिसत असते आणि थोडक्या खर्चात टाळता येते.

झीज का होते?

ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल चेसिसला घट्ट आवळलेला नसतो. तो मध्यभागी एका जाड पिनवर टांगलेला असतो, म्हणून एक चाक बांधावर चढले तरी दुसरे जमिनीवर राहते. बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांत ही पिन पुढच्या सपोर्टमध्ये पक्की असते आणि ॲक्सलमध्ये बसवलेला बुश तिच्यावर हलतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये रचना थोडी वेगळी, पण तत्त्व तेच.

यंत्रमागाची माहिती असलेल्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे लगेच समजेल. लूमचा रॉकिंग शाफ्ट पूर्ण फेरा घेत नाही, नुसता झोके खातो. पूर्ण फिरणारा शाफ्ट वंगण आपल्याबरोबर सगळीकडे ओढून नेतो. झोके खाणाऱ्या भागात भार सतत एकाच बाजूला राहतो, तिथले वंगण पिळून बाहेर पडते आणि लोखंड लोखंडाला लागते. सेंटर पिनचे असेच होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचे वजन पिनच्या खालच्या अंगावर येते, म्हणून पिन खालून झिजते आणि बुशचे भोक खालच्या बाजूला लांबट होते. त्यात बागेतली माती, फवारणीचे पाणी आणि मोरचूद मिसळले की ग्रीसची घासपेस्ट बनते.

ग्रीस देण्याची खरी पद्धत

पुष्कळ चालक ग्रीस देतात, तरीही पिन झिजते. कारण ट्रॅक्टर चाकांवर उभा असताना पिनची खालची बाजू बुशवर दाबलेली असते. ग्रीस वरच्या मोकळ्या फटीतून बाहेर येते, मालकाला वाटते काम झाले, आणि जिथे गरज आहे ती जागा कोरडीच राहते. उपाय सोपा आहे. पुढचा भाग चेसिसखाली जॅक लावून उचलावा, म्हणजे ॲक्सल लोंबकळेल आणि फट खालच्या बाजूला येईल. मग ग्रीस द्यावे, ॲक्सल दोन्ही बाजूंना हलवावा आणि पुन्हा द्यावे. काळे ग्रीस संपून स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन चालवावी.

गन जड जात असेल तर निपल तुंबले आहे असे समजावे. निपल काढून भोक तारेने साफ करावे आणि नवे निपल बसवावे. साऱ्या ट्रॅक्टरमध्ये याहून स्वस्त वस्तू क्वचितच असेल. ग्रीस लिथियमचे, दोन नंबरचे, जड भारासाठीचे घ्यावे. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत, कारण काही पातळ होऊन वाहून जातात. अनेक कंपन्या दर 50 तासांनी ग्रीस सांगतात, पण फवारणीच्या दिवसांत आणि चिखलात ते रोज द्यावे. प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतल्यावर लगेच ग्रीस द्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर निघते.

प्ले कसा ओळखावा?

स्टिअरिंग सरळ धरूनही ट्रॅक्टर डावी-उजवीकडे ओढतो, खड्ड्यात पुढून ‘खट’ आवाज येतो, पुढचे टायर एका कडेने झिजतात, ही लक्षणे आहेत. मात्र टाय-रॉड, किंग पिन किंवा चाकाचे बेअरिंग ढिले झाल्यासही असेच होते, म्हणून तपासणी आवश्यक आहे.

जमीन कडक व सपाट असावी. अवजार खाली टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढावी, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत. पुढचा भाग उचलल्यावर चेसिसखाली पक्के स्टँड द्यावे. नुसत्या जॅकवर कोणीही खाली जाऊ नये. आता ॲक्सल आणि सपोर्ट यांच्यामध्ये पहार घालून वर-खाली दाबावे. हालचाल झाली तर पिन-बुश झिजले आहेत. पुढे-मागे हालचाल असेल तर थ्रस्ट वॉशर किंवा शिम गेले आहेत, आणि तेवढे बदलून काम भागू शकते. नव्या जोडातली फट मिलिमीटरचे काही शतांश ते एक-दोन दशांश एवढीच असते. ती अर्ध्या मिलिमीटरकडे सरकली की दुरुस्ती लांबवू नये. आपल्या मॉडेलसाठी कंपनीच्या पुस्तकातला आकडा अंतिम मानावा.

दुरुस्तीतल्या चुका

पहिली चूक, फक्त पिन बदलणे. बुश लांबट झालेला असतो, त्यात नवी गोल पिन टाकली तर ती लवकर जाते. पिन आणि बुश जोडीने बदलावेत.

दुसरी चूक, साध्या सळईची पिन वापरणे. लेथवर कोणीही पिन कातून देतो, पण तिचा पृष्ठभाग कडक केलेला नसेल तर एक हंगामही पुरत नाही. घेताना पिनच्या कडेला बारीक कानस फिरवून पाहावी. कडक पिनवर कानस सरकते, मऊ पिनला ती खाते.

तिसरी चूक, बुश हातोड्याने ठोकणे. नट-बोल्ट व वॉशर लावून किंवा प्रेसवर तो सरळ ओढून बसवावा. बुशचे ग्रीसचे भोक निपलच्या भोकासमोर आलेच पाहिजे. ते चुकले तर नव्या बुशला पहिल्या दिवसापासून ग्रीस मिळत नाही. दाबून बसवल्यावर बुश आतून किंचित आवळतो, म्हणून शेवटी रीमर फिरवून मापात आणावा.

चौथी चूक सर्वांत महाग आहे. खटखट थांबावी म्हणून काही ठिकाणी पिन सपोर्टलाच वेल्डिंग करतात. पुढच्या वेळी ती गॅसने कापावी लागते, आणि सपोर्ट बिडाचा असेल तर त्याला तडे जातात.

जुना बुश हाताने निघत असेल, तर ॲक्सलमधले बुशचे घरही मोठे झाले आहे. अशा वेळी घर बोअर करून बाहेरून जाड बुश बसवता येतो. दोन बुश असतील तर दोन्ही घरे एकाच रेषेत, एकाच सेटिंगवर बोअर करून घ्यावीत. हे काम चांगल्या लेथ उस्तादाकडेच द्यावे. तोपर्यंत थांबलात आणि घरच फाटले, तर मात्र ॲक्सल किंवा सपोर्ट नवा घेण्यावाचून इलाज राहत नाही.

हिशेबाची बाजू

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पुढच्या ॲक्सलच्या सपोर्टसह ठरावीक सुट्या भागांवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. सपोर्ट घेताना पक्के बिल मागावे आणि त्यावर कोणता दर लावला आहे ते पाहावे.

दुरुस्तीसाठी योग्य वेळ म्हणजे माल उतरल्यानंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी. त्या दिवसांत ट्रॅक्टरला काम कमी असते, लेथवाल्याकडेही सवड मिळते. तेव्हा ॲक्सल एकदा उचलून तपासावा आणि घड्याळाचे तास वहीत लिहावेत. ज्या वहीत डिझेलचा खर्च लिहिला जातो, त्याच वहीत ग्रीसची तारीखही असावी. कपाशीचा असो वा द्राक्षाचा, ज्याचे यंत्र हंगामात उभे राहत नाही त्याच्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते.