अंतिम निकालानंतरचे दार

सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. आता त्या कैद्याने कोणाकडे पाहावे? ‘राष्ट्रपतींकडे’ असे उत्तर बहुधा मिळते. परंतु दया मागणे निराळे आणि ‘हा गुन्हा मी केलाच नाही’ म्हणून न्याय मागणे निराळे. दयेने शिक्षा सौम्य होईल. निर्दोषत्व सिद्ध होणार नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे. तेथे घटक राज्यांची न्यायालये स्वतंत्र आणि संघराज्याची स्वतंत्र. राज्याच्या न्यायालयात खुनाबद्दल दोषी ठरलेला कैदी, राज्यातील सारे उपाय संपल्यावर, संघीय न्यायालयात जाऊन म्हणू शकतो की, ‘देशाच्या घटनेने मला दिलेले हक्क माझ्या खटल्यात डावलले गेले, सबब माझी कैद बेकायदा आहे.’ ही वाट १८६७ च्या कायद्याने खुली झाली. १९९६ च्या कायद्याने मात्र तिला सामान्यतः एका वर्षाची मुदत घातली आणि ती बरीच अरुंद केली.

आपल्याकडे असा दुसरा घरोबा नाही. आपली न्यायसंस्था म्हणजे एकच उतरंड. बुलढाण्याच्या सत्र न्यायालयाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातो आणि तेथून दिल्लीस. मूलभूत हक्कांसाठी घटनेचे ३२ वे कलम आहे हे खरे. तथापि न्यायालयाने खटल्यात दिलेल्या आदेशाविरुद्ध ते वापरता येत नाही, असे १९६६ साली नरेश श्रीधर मिरजकर यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरविले. मग उरते काय? १३७ व्या कलमाखालचा पुनर्विलोकनाचा अर्ज, आणि २००२ पासून त्याही पलीकडची ‘क्युरेटिव्ह’ याचिका. पुनर्विलोकनाचा अर्ज बहुधा न्यायाधीशांच्या दालनातच, वकिलांचे तोंडी म्हणणे न ऐकता निकालात निघतो. म्हणजे दार आहे, पण ते किलकिले.

हे दार किती मोलाचे आहे, ते आपल्याच राज्यातील एका खटल्याने दाखविले. २००३ च्या जून महिन्यात नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला आणि पाच जणांची हत्या झाली. या गुन्ह्याबद्दल सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उरलेल्यांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी ठरविली. कायद्याच्या भाषेत हा निकाल अंतिम होता.

२०१४ साली महंमद आरिफ यांच्या प्रकरणात घटनापीठाने नियम घालून दिला की, फाशीच्या खटल्यातील पुनर्विलोकन तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकलेच पाहिजे. त्यासाठी अर्ध्या तासाची मर्यादाही सांगितली. अर्धा तास! परंतु माणसाच्या प्राणाशी गाठ असता तेवढाही पुरेसा ठरू शकतो. नाशिकच्या खटल्यात २०१८ साली न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली.

तेव्हा दिसले ते असे. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि तो जबाबही खटल्यात पुढे आणला गेला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. राज्याने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत आणि दोषी अधिकाऱ्यांची चौकशी करावी, असा आदेश झाला. परंतु त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांच्यापैकी एक तर घटनेच्या वेळी अज्ञान होता, असेही निष्पन्न झाले.

कोणी म्हणेल, ‘असे खटले उकरत बसल्यास निकालाला अर्थ काय राहील?’ आक्षेप रास्त आहे. वादाला कोठे तरी शेवट हवाच. शेतीच्या बांधाचा तंटा पिढ्यानुपिढ्या चालू नये. परंतु बांध पुन्हा सरकविता येतो, फासावर गेलेला माणूस परत आणता येत नाही. शिवाय निरपराध्यास शिक्षा झाली म्हणजे मृतांना न्याय मिळाला असे नव्हे. उलट खऱ्या गुन्हेगाराचा शोध तेथेच थांबतो.

यातून आपण घ्यावयाचा बोध दिल्लीपेक्षा जवळचा आहे. सर्वोच्च न्यायालयाला अखेरीस चूक दिसली ती मूळच्या कागदांतून. तो जबाब लिहिला गेला नसता, किंवा नाहीसा झाला असता, तर खुल्या सुनावणीचाही उपयोग झाला नसता. उद्या आपल्यापैकी कोणी पंच म्हणून पंचनाम्यावर सही करील, कोणी ओळखपरेडीस उभा राहील, कोणी साक्ष देईल. न वाचता केलेली सही आणि ‘साहेब सांगतात तोच असेल’ म्हणून दाखविलेले बोट यांतूनच चुकीच्या निकालाचा पाया घातला जातो. वरच्या न्यायालयाचे दार उघडे असलेच पाहिजे. पण ते ठोठावण्याची पाळी निरपराध्यावर येऊ न देणे हे गावातच, पहिल्या दिवशीच, साधावयाचे काम आहे.