नागाव

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील अरबी समुद्रकिनाऱ्यावरील गाव. ते अलिबागच्या दक्षिणेस सु. 8 किमी. वर अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर वसले असून त्याच्या उत्तरेस आक्षी व दक्षिणेस चौल-रेवदंडा आहे. नारळी-पोफळींच्या आगरांमुळे ‘अष्टागर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनारपट्टीतील गावांत नागावचा समावेश होतो.

पश्चिमेस सुरूच्या झाडांची किनार असलेली सु. 3 किमी. लांबीची पुळण, तिच्यामागे वाड्या व त्यांत विखुरलेली घरे, पूर्वेस भातखाचरे आणि त्यांपलीकडे टेकड्या अशी येथील साधारण भूरचना आहे. वार्षिक पर्जन्यमान 200 सेंमी. हून अधिक असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

चौलच्या प्राचीन बंदराच्या सान्निध्यामुळे या भागास दीर्घ इतिहास आहे. नागाव येथील 1367 चा मराठी शिलालेख प्रसिद्ध असून त्यात कोकणातील हंबीरराव या राज्यकर्त्याचा उल्लेख आहे. शेजारच्या आक्षी येथील शिलाहारकालीन लेखाचा काळ काही अभ्यासक 1012 मानतात; त्या वाचनानुसार तो मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक ठरतो. अठराव्या शतकात हा प्रदेश आंग्र्यांच्या सत्तेखाली होता. 1840 मध्ये ब्रिटिशांनी तो खालसा केला. भीमेश्वर, नागेश्वर व वंखनाथ ही येथील जुनी देवस्थाने होत.

अष्टागरात आगरी, कोळी, भंडारी, माळी, ब्राह्मण इ. समाजांची वस्ती आहे. भंडारी समाजाचा माडी काढणे हा परंपरागत व्यवसाय होता. ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल लोकही या किनाऱ्यावर राहत. 1948 नंतर त्यांपैकी बहुतेकांनी इझ्राएलला स्थलांतर केले. त्यांच्या आगमनाच्या परंपरेशी निगडित असलेले नवगाव हे मात्र थळ-किहीम भागातील वेगळे गाव होय.

बागायत हा येथील अर्थव्यवस्थेचा जुना पाया. वाडीत माडांच्या सावलीत पोफळी, त्यांखाली केळी व मसाल्याची झाडे, तर पोफळींवर मिरवेली किंवा पानवेली अशी थरांची लागवड असते. नारळ व सुपारी यांच्या विक्रीबरोबरच झावळ्यांचे झाप, हिरांच्या केरसुण्या व पोफळीच्या विऱ्या यांचाही उपयोग होतो.

ही बागायत उथळ विहिरींवर अवलंबून आहे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर थर करून राहते. रहाटाने पाणी उपसताना जनावराच्या चालीमुळे उपशास आपोआप मर्यादा पडे व विहिरीस झरून भरण्यास अवसर मिळे. विजेच्या पंपांनी ही मर्यादा नाहीशी केली. उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो, खारे पाणी वर चढते व विहीर मचूळ होते. मचूळ पाणी पोफळीस सोसत नाही.

मुंबईहून मांडव्यापर्यंतची जलवाहतूक सोयीची असल्याने पर्यटन वाढले. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का-मांडवा मार्गावर वाहने नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. नागावात अनेक वाड्यांत पर्यटकांच्या निवासाची व जेवणाची सोय केली जाते. त्यातून कुटुंबांना रोख उत्पन्न मिळते. परंतु पाण्याची मागणी, विशेषतः उन्हाळ्यात, वाढते आणि वाडीची जमीन बांधकामास विकण्याचा मोह पडतो.

3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्यातील नारळ-सुपारीच्या बागांची मोठी हानी केली. नव्याने लावलेला माड वा पोफळ फळास येण्यास साधारणपणे सहा-आठ वर्षे लागतात. शिवाय कोवळ्या पोफळीस सावली आवश्यक असल्याने माड पडलेल्या वाडीत ती एकाकी वाढत नाही. या काळात पर्यटनाच्या उत्पन्नाने बागायतदारांस आधार मिळू शकतो. मात्र पर्यटकांना आकर्षित करणारी सावली व गोडे पाणी ही वाडीचीच देणगी असल्याने, वाड्या टिकण्यावरच या व्यवसायाचे भवितव्य अवलंबून आहे.