ऑगस्टअखेरचा बास: लेक चॅम्पलेनचं पाणी कसं वाचावं

ऑगस्ट सरत आला की लेक चॅम्पलेनवर गळ टाकायला येणारे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: जूनमध्ये काठाशी मिळत होते ते बास गेले कुठे? जूनमध्ये हा मासा विणीसाठी उथळ पाण्यात आलेला असतो. नर घरट्याची राखण करत तिथेच थांबतो, आणि धक्क्यावर उभं राहून गळ टाकला तरी हाती लागतो. वीण आटोपली की त्याला काठाशी राहायचं कारण उरत नाही. मग तो अन्न आणि सोसेल असं पाणी, या दोन गोष्टी जिथे एकत्र मिळतील तिथे जातो. उन्हाळ्याच्या शेवटी अशी जागा शोधून काढता येते. त्यासाठी सरोवर आतून कसं आहे हे कळलं पाहिजे.

न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या राज्यांच्या मध्ये पसरलेलं हे सरोवर उत्तरेला थोडं कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात शिरतं. लांबी सुमारे १९० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १९ किलोमीटर, आणि शार्लट गावाजवळ खोली १२२ मीटर. पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं आणि रिशलू नदीतून सेंट लॉरेन्सला मिळतं. बॉस्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना काठावरचं बर्लिंग्टन शहर गाडीने साडेतीन-चार तासांवर आहे.

बास म्हणजे इथे दोन मासे. लार्जमाउथ हिरवट, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा, आणि जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा. स्मॉलमाउथ काशाच्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, जबडा डोळ्याच्या मागे न जाणारा. लार्जमाउथला कोमट, वनस्पतींनी भरलेलं पाणी मानवतं. स्मॉलमाउथला थोडं गार पाणी आणि तळाला खडक लागतो. दोघांना एकाच जागी शोधू गेलात तर दिवस फुकट जाईल.

आता पाण्याकडे वळू. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. उन्हाळाभर ऊन वरचं पाणी तापवतं, तापलेलं पाणी हलकं असल्यामुळे वरच राहतं, आणि वारा ते घुसळतो; पण ठरावीक खोलीपर्यंतच. ऑगस्टअखेर मुख्य सरोवरात वरचा थर साधारण २२ ते २४ अंशांचा असतो आणि खोल तळाचं पाणी हिवाळ्यातल्यासारखं थंडगार. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे काही मीटर खाली जाताच तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. बोटीवरच्या सोनारच्या पडद्यावर तो बऱ्याचदा धूसर आडव्या रेषेसारखा दिसतो.

थर्मोक्लाइनच्या खाली प्राणवायू नसतो, म्हणून तिथे मासा नसतो, असं सरसकट सांगितलं जातं. शेवाळाने भरलेल्या लहान तळ्यांसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे तळाशी कुजणारा गाळ प्राणवायू खाऊन टाकतो. चॅम्पलेनच्या मुख्य सरोवराला मात्र ते लागू नाही. तिथल्या खोल पाण्यात भर उन्हाळ्यातही लेक ट्राउट राहतो, आणि त्याला प्राणवायू भरपूर लागतो. स्मॉलमाउथ त्या खोलीत उतरत नाही तो गारठ्यामुळे. मॅलेट्स बे या बऱ्याच बंदिस्त उपसागरात मात्र उन्हाळ्याअखेर तळाचा प्राणवायू खरोखरच घटतो. म्हणून आपण सरोवराच्या कोणत्या भागात आहोत हे आधी पाहावं आणि मगच ऐकीव नियम लावावा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते चॅम्पलेनवर हुकणाऱ्या बऱ्याच दिवसांचं मूळ तिच्यात आहे. थर्मोक्लाइन एका जागी स्थिर राहत नाही. मुख्य सरोवर लांब आणि अरुंद आहे, शिवाय वारा बहुधा त्याच्या लांबीच्या दिशेनेच वाहतो. दक्षिणेचा जोरदार वारा दोन दिवस टिकला की कोमट पाणी उत्तरेकडे ढकललं जातं. उत्तर टोकाला कोमट थर जाड होतो आणि थर्मोक्लाइन खोल जातो. दक्षिण टोकाला थंड पाणी वर चढतं. वारा पडला की हा कललेला थर परत येतो, पण बरोबर मधे थांबत नाही. परातीत पाणी घेऊन एक कड उचलून खाली ठेवली की पाणी जसं या कडेवरून त्या कडेला हेलकावत राहतं, तसा तो झुलतो. फरक एवढाच की पृष्ठभाग जवळपास सपाट असतो आणि सगळी हालचाल आत चालते. चॅम्पलेनमध्ये अशा एका हेलकाव्याला सुमारे चार दिवस लागतात, आणि टोकांकडे थर्मोक्लाइन कित्येक मीटर खाली-वर होतो.

याचा अर्थ असा, की परवा ज्या खडकावर नऊ मीटरांवर स्मॉलमाउथ मिळाले, तिथे आज त्याच खोलीवर अंगावर काटा आणणारं थंड पाणी असू शकतं. वर ऊन तेच, पाण्याचा रंग तोच. मासे मात्र चार मीटर वर सरकलेले असतात किंवा कोमट पाण्यामागे दुसऱ्या उंचवट्यावर गेलेले असतात. म्हणून दोरीला बांधून खाली सोडता येईल असा थर्मामीटर जवळ ठेवावा. दर दोन मीटरांवर तापमान घ्यावं आणि आदल्या दोन दिवसांचा वारा आठवावा. दहा मिनिटांचं हे काम दहा नव्या आमिषांपेक्षा जास्त कामाला येतं.

तापमान कळलं की जागा ठरवणं सोपं. थर्मोक्लाइनच्या वरच्या अंगाला, साधारण पाच ते दहा मीटरांत, जिथे तळाचा खडक वर येऊन कोमट थरात शिरतो असे उंचवटे आणि पाण्यात घुसलेली भूशिरं शोधावीत. व्हॅल्कूर बेटाभोवती असा खडकाळ तळ आहे. तिथे क्रेफिश आणि यलो पर्च असतात, आणि वरून एलवाइफ नावाच्या लहान चंदेरी माशांचे थवे जातात. एलवाइफ मूळचे इथले नाहीत. ते २००३ मध्ये इथे पहिल्यांदा सापडले. त्यांच्यामुळे स्मॉलमाउथची शिकारही बदलली आहे. पहाटे शांत पाण्यावर अचानक खळबळ दिसली तर खालून बासने थवा वर रेटलेला असण्याची शक्यता मोठी. त्या काही मिनिटांत वर तरंगणारं आमिष टाकावं.

एरवी ड्रॉपशॉट ही रीत इथे सर्वांत भरवशाची. वजन दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटरवर बांधायचा. गळाच्या टोकात आठ-दहा सेंटिमीटरचं मऊ रबरी आमिष नाकाशी टोचायचं. वजन तळाला टेकलं की दोरी जेमतेम ताणलेली ठेवायची आणि काठीचं टोक अगदी हलकं थरथरवायचं. वजन जागचं हलत नाही, आमिष मात्र माशाच्या डोळ्यांसमोर जिवंत राहतं. चावा म्हणजे बऱ्याचदा नुसता जडपणा जाणवतो. १९९३ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून घेत असल्याने पाणी बरंच नितळ असतं. म्हणून शेवटची दोन-तीन मीटर दोरी सहा ते आठ पाउंडांची फ्लुओरोकार्बन असावी.

लार्जमाउथसाठी दक्षिणेकडे, टिकोंडेरोगाच्या खाली, किंवा उत्तरेच्या उथळ उपसागरांत जावं. दक्षिण भाग नदीसारखा अरुंद, गढूळ आणि पाणवनस्पतींनी गच्च आहे. त्यांतली एक वनस्पती मराठी माणसाला घरची वाटेल. ती म्हणजे उपवासाच्या पिठाच्या शिंगाड्याच्या जातीचीच वेल. तिच्या फळाला दोन शिंगांऐवजी चार अणकुचीदार काटे असतात. इथे ती परकी आहे. गेल्या शतकातल्या चाळीसच्या दशकापासून ती पसरत आली, आणि दरवर्षी यंत्रांनी व हातांनी उपटून काढावी लागते. ती आपल्या बोटीला किंवा ट्रेलरला चिकटून दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, याची काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.

तरंगत्या पानांच्या गालिच्यावर पोकळ रबरी बेडूक ओढायचा. आपल्याकडे मरळ धरणाऱ्यांनी आता हाच बेडूक उचलला आहे, त्यामुळे त्यांना नवं काही शिकावं लागणार नाही. पन्नास-साठ पाउंडांची विणलेली दोरी, ताठ काठी, आणि पाणी फुटलं की लगेच झटका न देता माशाचं वजन हाताला लागेपर्यंत थांबणं. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री वापरतात. म्हणून पहाटे गालिच्याच्या बाहेरच्या कडेला आणि ऊन चढल्यावर आत, दाट सावलीत टाकावं.

मासा सोडून द्यायचा असेल, आणि द्यावाच, तर ऑगस्टमध्ये घाई करावी. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. १० अंशांना ११ मिलिग्रॅमच्या वर. दमलेल्या माशाला हा फरक जिवावरचा असतो. शिवाय बासच्या वाताशयाला तोंडाकडे वाट नसते. खोलातून झपाट्याने वर आणलं की आतली हवा फुगते आणि मासा उलटा तरंगू लागतो. म्हणून दहा मीटरांच्या खालचे मासे मिळू लागले तर मी तिथे गळ टाकणं थांबवावं असं म्हणेन. या थंड मुलखात दोन किलोचा स्मॉलमाउथ व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागतात.

व्हरमाँटमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं वापरायला २००७पासून बंदी आहे, कारण ती गिळून लून पक्षी मरतात; टंगस्टनची वापरावीत. सरोवराच्या ठरावीक भागात न्यूयॉर्क आणि व्हरमाँट एकमेकांचे परवाने मानतात, क्यूबेकच्या हद्दीत मात्र वेगळा परवाना लागतो. आणि दक्षिणेचा किंवा उत्तरेचा वारा वाढू लागला तर लहान बोट घेऊन मुख्य सरोवरात थांबू नये. लाटांना तिथे लांबच लांब मोकळी धाव मिळते.

सप्टेंबरच्या गार रात्री सुरू झाल्या की वरचा थर निवत जातो आणि थर्मोक्लाइन हळूहळू खाली ढकलला जातो. स्मॉलमाउथला मग कोमट पाण्याच्या कडेला चिकटून राहावं लागत नाही. तो एलवाइफांमागे मोकळा फिरतो, आणि वर सांगितलेल्या खोल्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.