सरता हिंवाळा

आपल्या पूर्वजांनीं वर्षाचे सहा ऋतु पाडले आणि त्यांतले दोन थंडीच्या वांट्याला दिले, ही गोष्ट आपण शाळेंत पाठ करितों आणि पुढें विसरून जातों. व्यवहारांत आपले ऋतु तीनच. त्यामुळें दिवाळीनंतरची थंडी आणि माघांतली थंडी ही एकच वस्तु आहे अशी आपली समजूत होऊन बसते. वाग्भटाची तशी समजूत नव्हती. अष्टांगहृदयांत त्यानें हेमंतांतील आहारविहार विस्तारानें सांगितला, आणि शिशिराची पाळी आली तेव्हां तोच विधि अधिक काळजीनें पाळावा एवढेंच सांगून त्याचें कारण दिलें. या दिवसांत थंडी तर अधिक असतेच; शिवाय सूर्य उत्तरेकडे वळल्यामुळें हवेंत रूक्षता येऊं लागते. म्हणजे शरीर दोन बाजूंनीं ओढलें जातें. आज मी बोलणार आहें तें या दुसऱ्या, सरत्या हिंवाळ्याविषयीं.

श्रोतेहो, मी राहतों तें खापा हें गांव नागपूर जिल्ह्यांत, सावनेर तालुक्यांत, कन्हान नदीच्या कांठीं आहे. आमची थंडी हिमालयाची नव्हे, हें मान्य. तथापि २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, हें ज्यांना ठाऊक आहे ते वैदर्भीय थंडीस हंसणार नाहींत. परंतु तसली कडाक्याची थंडी माणूस हौसेनें सोसतो. ती नवी असते, पेटींतून नुकत्याच काढलेल्या शालीसारखी. अडचण येते ती माघांत. दिवाळीचे पाहुणे केव्हांच गेलेले, तिळगूळ वांटून झालेला, मुलें परीक्षेच्या पुस्तकांत डोकें घालून बसलेलीं. आणि थंडी मात्र पहांटे दारांत उभी ती उभीच. फेब्रुवारींत आमच्याकडे दुपारीं पारा तीस अंशांच्या वर जातो आणि पहांटे पंधराच्या आसपास येतो. जमीन कोरडी, आभाळ निरभ्र, हवेंत बाष्प थोडें. दिवसा मिळालेली उष्णता रात्रीं धरून ठेवणारें पांघरूणच पृथ्वीवर नसतें. सकाळीं घातलेला स्वेटर दुपारीं हातावर टाकून फिरावें लागतें, आणि संध्याकाळीं तो पुन्हां घालण्याचा कंटाळा केला कीं खोकला ठरलेला.

येथें एक शंका माझे विद्यार्थी नेहमीं काढीत. दिवस जर २२ डिसेंबरपासून वाढूं लागतो, तर थंडी पुढें महिनाभर कां राहते? हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. मिळकत वाढूं लागली म्हणून शिल्लक लगेच वाढत नाहीं. खर्च अजून मिळकतीहून अधिक असतो तोंवर ती घटतच जाते. जमिनीच्या उष्णतेचें तसेंच आहे. आणखी एक गंमत अशी कीं, दिवस वाढूं लागल्यावरहि सूर्योदय कांहीं आठवडे उशीराच होत जातो. जानेवारीच्या मध्यापर्यंत जो थोडाबहुत वाढीव प्रकाश मिळतो तो सगळा संध्याकाळच्या पदरांत पडतो. ज्याला पहांटे पांचला उठण्याची खोड आहे त्याला दिवस वाढल्याचें कोणीं सांगितलें तर खरें वाटूं नये, हें साहजिक आहे.

ज्यांचा हिंवाळा खरोखर लांब असतो त्यांनीं त्याला तोंड देण्याची एक युक्ति काढली आहे. ती म्हणजे तो मोजणें. काश्मिरांत २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलाँ', म्हणजे थोरला. मग वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द', म्हणजे धाकटा. आणि शेवटीं दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. संकटाला नांव द्यावें, आणि दर खेपेस तें नांव लहान करीत जावें! चिनी लोक त्याच सुमारापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात. त्यांच्याकडे जुन्या काळीं घरांत भिंतीवर एक चित्र लावीत: एका फांदीवर फुलें आणि त्यांच्या मिळून एक्याऐंशीं पाकळ्या. रोज एक पाकळी रंगवावयाची. शेवटची पाकळी रंगली कीं बाहेर वसंत आलेला असे. या चित्रांत मला मोठें शहाणपण दिसतें, कारण एक पाकळी रंगविण्याला उत्साह लागत नाहीं. उत्साह नसला तरी तें काम होतें, आणि झाल्यावर थोडासा उत्साह येतो.

माझी पत्नी गेल्यानंतरचा पहिला माघ मला चांगला स्मरतो. मुलगे नोकरीच्या गांवीं, घर मोठें, आणि पहांटे अंथरुणांतून उठावें तरी कशासाठीं, या प्रश्नाला उत्तर नव्हतें. तेव्हां कोठेंतरी वाचलेल्या या पाकळ्यांची मला आठवण झाली. चित्र काढण्याचें अंग मला नाहीं. परंतु चाळीस वर्षें हातांत खडू धरलेला. आमची ओसरी दक्षिणाभिमुख आहे आणि वळचणीची कड फरशीपासून बरोबर सात फूट उंच आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशीं रेखांशाची, आणि आम्ही त्याच्या पश्चिमेस. म्हणून या दिवसांत सूर्य ठीक दक्षिणेस येतो तो बाराला नव्हे, तर बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास. त्या क्षणीं ऊन ओसरींत जेथवर पोंचतें तेथें एक रेघ ओढावी आणि तारीख घालावी, एवढाच उद्योग.

आतां या रेघा काय सांगतात पाहा. २२ डिसेंबरला आमच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारें पंचेचाळीस अंशांवर असतो. ऊन वळचणीच्या उंचीइतकें, म्हणजे सात फूट, आंत येतें. संक्रांतीला तें साडेसहा फुटांवर असतें. तेवीस दिवसांत अवघा अर्धा फूट! दिवस तिळातिळानें वाढतो असें आपल्या घरांतील बायका म्हणत आल्या, त्याचें याहून चोख मोजमाप मला माहीत नाहीं. पण पुढें पाहा. फेब्रुवारी संपतां संपतां सूर्य साठ अंशांवर चढलेला असतो आणि ऊन चार फुटांवर आलेलें असतें. म्हणजे पुढच्या पंचेचाळीस दिवसांत अडीच फूट. अंगाला थंडी तशीच वाजत असते आणि फरशीवर हिंवाळा रोज पाऊण इंचाजवळ मागें हटत असतो. ज्यांच्या घराला ओसरी नाहीं त्यांना खिडकीच्या गजाची सावलीहि पुरते. वेळ मात्र तीच असावी. आणि जातां जातां सांगतों: सकाळच्या कोंवळ्या उन्हांत 'ड' जीवनसत्त्व भरपूर असतें ही समजूत बरोबर नाहीं. त्यासाठीं लागणारे किरण दुपारच्या सुमारासच अधिक असतात. तेव्हां रेघ ओढून झाल्यावर तेथेंच पाठ उन्हाला करून थोडा वेळ बसण्यास हरकत नाहीं.

आमच्या शेजारीं एक वृद्ध विणकर राहतात. खापा हें एके काळीं हातमागाचें गांव. माझ्या लहानपणीं, १९६० नंतरच्या दशकांत, सकाळीं गल्लींत पांजणीचे ताणे पसरलेले असत. सुताला लावलेली खळ थंडींत लवकर वाळत नसे म्हणून विणकर आभाळाकडे पाहत उभे राहत. या गृहस्थांचें आयुष्य जमिनींत खड्डा करून बसविलेल्या मागावर गेलें. कमरेपर्यंत खड्ड्यांत, पाय पावड्यांवर, आणि खालून माघाचा गारठा. आज त्यांचे गुडघे त्या हिंवाळ्यांचा हिशेब मागत आहेत. गेल्या पौषांत त्यांनीं अंथरूण धरलें तें सोडीनात. दुखणें नांव घेण्यासारखें नव्हतें. पण वृद्ध माणसाचें असें निजणें चांगलें नसतें. स्नायु झिजतात, भूक मंदावते, छातींत कफ धरतो, आणि मग उठूं म्हटलें तरी उठवत नाहीं. सूनबाईंनीं सांगून पाहिलें, नातवानें चिडवून पाहिलें. अखेर मीं जाऊन म्हटलें, "आजोबा, माझे डोळे आतां रेघ सरळ ओढूं देत नाहींत. तुमची नजर सुताची आहे. रोज सव्वाबाराला याल काय?" पहिल्या दिवशीं दोघांनीं धरून आणलें. माझी रेघ पाहून त्यांनीं "ही काय ओढली, मास्तर?" असा शेरा दिला आणि खडू आपल्या हातांत घेतला. आठ दिवसांनीं ते काठी टेकीत एकटे आले. मध्यें दोन दिवस आभाळ होतें. ऊन नाहीं, रेघ नाहीं. तरी ते ठरल्या वेळीं येऊन फरशीकडे पाहत बसले, आणि दुसऱ्या दिवशीं मला विचारलें, "राहिलेल्या दोन रेघा अंदाजानें भरूं काय?" मीं नको म्हटलें. त्या दोन दिवसांची जागा तशीच मोकळी आहे.

ठरलेल्या वेळेचें महत्त्व मला तेव्हां कळलें. आनंद मनाच्या लहरीवर सोडला तर माघांत तो येत नाहीं. त्याला वार आणि तास नेमून द्यावा लागतो. आपल्या पंचांगानें हें फार पूर्वींच ओळखलें असावें. संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ त्यानें कोठें लांब मोकळा ठेवलेलाच नाहीं. संक्रांतीचें हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतें. रथसप्तमीला अंगणांत सूर्याचा रथ काढून गोवरीच्या विस्तवावर बोळक्यांत दूध उतूं घालतात. मग महाशिवरात्र, जिच्यासाठीं आमच्या भागांतून माणसें त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीच्या महादेवाला जातात. आणि मग होळी.

खाण्याच्या बाबतींत तर सरत्या हिंवाळ्याची गंमत अशी कीं, प्रत्येक पदार्थ "आतां शेवटचा" म्हणून पुढें येतो. तुरीचे हिरवे सोले आधींच संपत आलेले असतात. सोले आणि वांग्यांची भाजी एकदां तरी झाली पाहिजे. मग हरभरा. ओल्या घाट्यांसकट डहाळे आणून गवताच्या जाळावर धरावे आणि काळे झालेले घाटे चोळून हुळा खावा. हात, ओठ आणि सदरा सगळेंच काळें होतें, आणि सुशिक्षित घरांतून हा पदार्थ मागें पडण्याचें कारण तेंच असावें. सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, स्वस्त असते तोंवर सांभारवडी. ऊन चढूं लागलें कीं सांभार फुलावर येतो आणि त्याचा स्वाद जातो. म्हणून ही वडी रथसप्तमीच्या आगेंमागेंच उरकावी. बारीक चिरलेला सांभार, खोबरें, खसखस, पातळ लाटलेली पारी, आंतून चिंचेच्या कोळाचें बोट, आणि सोबत गरम कढी. तळण फार म्हणून डॉक्टर नाक मुरडतील. वर्षाकाठीं एकदां मुरडूं द्यावें.

आणि संत्रीं. बाहेरगांवच्या लोकांना वाटतें कीं नागपुरी संत्रें दिवाळीच्या सुमारास येतें आणि संपतें. तो आंबिया बहार. पावसाच्या आरंभीं ज्या झाडांना फूल येतें त्यांचा मृग बहार फेब्रुवारीपासून तोडणीला येतो, आणि माझ्या जिभेला तोच अधिक गोड लागतो. नागपूरच्या संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें योग्यच झालें. त्याच वर्षीं फेब्रुवारी-मार्चांत विदर्भ-मराठवाड्यांत गारपिटीनें हाहाकार केला, हेंहि बागाईतदार विसरलेला नाहीं; सरता हिंवाळा त्याला सुखाचा नसतो. ज्या बागांना आंबिया बहार घ्यावयाचा असतो त्यांचें पाणी डिसेंबर-जानेवारींत तोडून झाडांना ताण देतात. पानें मलूल होतात, झाड सुकलें असें वाटतें, आणि मग पाणी सोडलें कीं तें पांढऱ्या फुलांनीं भरून जातें. म्हणून या दिवसांत आमच्याकडे रस्त्यानें जातांना एका बागेंतून पिकलेल्या फळाचा आणि शेजारच्या बागेंतून फुलांचा वास येतो. हा वास घेण्यासाठीं पैसे पडत नाहींत. सायकलवरून उतरावें मात्र लागतें.

गोधड्यांना ऊन दाखविणें हें मी कामांत धरीत नाहीं, सुखांत धरितों. कापूस हवेंतला ओलावा शोषून घेतो. महिनाभर वापरलेली गोधडी दडपते, जड होते आणि ऊब देईनाशी होते. ऊब कापसाची नव्हेच. तंतूंच्या मध्यें अडकलेल्या हवेची असते. उन्हांत ओलावा जातो, कापूस फुगतो, हवेला जागा होते. चार वाजण्यापूर्वीं ती आंत आणावी, नाहीं तर संध्याकाळचा गारवा पुन्हां पितो. त्या रात्रीं गोधडींत शिरतांना जो वास येतो त्याला मराठींत शब्द नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र गोड बोलून चालणार नाहीं. कोळशाची शेगडी पेटती ठेवून, दारें-खिडक्या लावून कोणींहि निजूं नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा घेतो, आणि माणूस झोंपेंतून उठत नाहीं. शेकावयाचें असेल तर अंगणांत शेकोटीभोंवतीं, जागेपणीं आणि चार माणसांत शेकावें. तसेंच वृद्धांनीं पहांटेच्या गारठ्यांत एकदम बाहेर पडूं नये. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. फिरणें ऊन पडल्यावर करावें, स्नान कोमट पाण्यानें करावें.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघते, असें आमच्याकडे म्हणतात. तोंवर नदीपलीकडे पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर काळ्या मखमली कळ्या धरलेल्या असतात आणि मुलें होळीसाठीं शेणाच्या चाकोल्या थापून भिंतीवर वाळत घालूं लागतात. होळी जळाली, थंडी पळाली, ही म्हण बहुतेक वर्षीं खरी ठरते. मग गरम कपडे धुऊन, कडक उन्हांत दोन दिवस वाळवून पेटींत ठेवावे. सोबत कडुलिंबाचा पाला घालण्याची चाल चांगली आहे. पण तो आधीं सावलींत पूर्ण वाळवून, कापडांत बांधून मगच घालावा. ओला पाला तसाच टाकला तर लोकरीवर डाग पडतात.